पौर्वात्य व पाश्चात्य तत्त्वज्ञान : महाराष्ट्रातील त्यांची गाठभेट

देवगड तालुक्यातील मिठबाव हे गाव समुद्रकाठी आहे. किनाऱ्याने दक्षिणेकडे गेले की मालवण लागते, आणि त्याच देवगड तालुक्यात आतल्या बाजूस पोंभुर्ले हे खेडे आहे. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत 'दर्पण' काढले. मालवणात 6 जुलै 1837 रोजी रामकृष्ण गोपाळ भांडारकर जन्मले. हा मुलूख पुढे 1981 मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा म्हणून रत्नागिरीपासून वेगळा झाला. ज्या काळाची ही हकीकत आहे त्या काळी येथून मुंबईस जाण्यास गलबताखेरीज सोयीचे साधन नव्हते. असे असता पौर्वात्य आणि पाश्चात्य विचारांची महाराष्ट्रात जी पहिली ओळख झाली, तिच्यात या चिंचोळ्या किनारपट्टीचा वाटा मोठा आहे.

'दर्पणा'चे पान दोन स्तंभांचे असे. एकात इंग्रजी मजकूर आणि शेजारी मराठी. त्या पानाकडे आज पाहिले म्हणजे पुढील दीडशे वर्षांचा इतिहास त्यात अगोदरच मांडून ठेवला होता असे वाटते. दोन भाषा, दोन विचारपद्धती शेजारी शेजारी उभ्या. मधे एक बारीक रेघ. त्या रेघेचे पुढे काय झाले, हा प्रस्तुत विषय होय.

प्रथम शब्दांचा विचार करू. 'तत्त्वज्ञान' हा शब्द आज सर्वांच्या तोंडी आहे. परंतु तो ज्या ग्रीक शब्दासाठी योजला जातो त्या शब्दाचा अर्थ 'ज्ञानाची आवड' असा आहे. आवड असणारा मनुष्य ज्ञानाच्या मागे लागलेला असतो, ते त्याला मिळालेच आहे असे नव्हे. उलट 'तत्त्वज्ञान' म्हणजे तत्त्वाचे, म्हणजे जे खरोखर आहे त्याचे, ज्ञान. आपल्या पूर्वजांचा जुना शब्द तर 'दर्शन', म्हणजे पाहणे. यावरून काही लोक असा सिद्धांत काढतात की, पश्चिमेचा तत्त्वज्ञ शोधीत राहतो आणि पूर्वेचा पाहून मोकळा होतो. हा सिद्धांत ऐकावयास गोड आहे, पण टिकणारा नाही. ज्या देशात एका एका सूत्रावर भाष्य, भाष्यावर वार्तिक आणि वार्तिकावर टीका अशी हजार वर्षे वादाची परंपरा चालली, त्या देशाने पाहून डोळे मिटले असे कोण म्हणेल? कौटिल्याने तर्काने तपासण्याच्या विद्येला 'आन्वीक्षिकी' असे स्वतंत्र नाव देऊन तिला राजाने शिकावयाच्या विद्यांत पहिले स्थान दिले होते.

पाश्चात्य पंडित तत्त्वज्ञानाच्या ज्या शाखा मानतात, त्यांतील प्रमुख अशा: जगात अखेर आहे काय, याचा विचार करणारी सत्तामीमांसा, जे आहे ते आपणास कळते कसे, हे पाहणारी ज्ञानमीमांसा, योग्य अनुमान कोणते हे ठरविणारे तर्कशास्त्र, चांगले वाईट यांची कसोटी शोधणारे नीतिशास्त्र, आणि सौंदर्याचा विचार करणारे सौंदर्यशास्त्र. आपल्याकडे विषयवार शाखा पाडण्याऐवजी दर्शने पडली. न्याय, वैशेषिक, सांख्य, योग, पूर्वमीमांसा आणि वेदान्त ही वेद मानणारी सहा, आणि चार्वाक, जैन व बौद्ध ही न मानणारी. प्रत्येक दर्शनात वरील बहुतेक प्रश्न येतात. मात्र कोणी एका प्रश्नावर अधिक घाम गाळतो, कोणी दुसऱ्यावर. ज्ञान मिळविण्याची साधने, म्हणजे प्रमाणे, किती, या एकाच प्रश्नावर किती मते झाली पाहा. चार्वाक प्रत्यक्ष हे एकच प्रमाण मानतो. बौद्ध व वैशेषिक अनुमानाची भर घालून दोन मानतात. सांख्य त्यात शब्द, म्हणजे विश्वसनीय वचन, घेऊन तीन करतात. नैयायिक उपमान धरून चार. प्रभाकराचे अनुयायी मीमांसक अर्थापत्ती धरून पाच. आणि कुमारिलाचे अनुयायी व अद्वैती वेदान्ती अनुपलब्धी मिळवून सहा. ही केवळ मोजणी नव्हे. दुसऱ्याच्या शब्दावरून जे कळते ते खरे ज्ञान, की ते अखेर अनुमानच, हा प्रश्न न्यायालयातील साक्षीपासून वर्तमानपत्रातील बातमीपर्यंत रोज उभा राहतो.

पूर्वेचा आणि पश्चिमेचा तर्क यांत फरक कोठे पडतो, हे मिठबावच्याच किनाऱ्यावरचे उदाहरण घेतले तर सहज ध्यानात येईल. रापण लावणारे लोक समुद्राकडे डोळे लावून उभे असतात. दूर पाण्यावर पक्ष्यांचा घोळका घिरट्या घालताना दिसतो आणि जाणता मनुष्य म्हणतो, तेथे मासळी आहे. मग होडीतून जाळे अर्धवर्तुळाकार सोडतात आणि त्याची दोन टोके किनाऱ्यावरून माणसे ओढू लागतात. आता हे अनुमान अरिस्टॉटलच्या पद्धतीने मांडावयाचे तर तीन वाक्ये पुरतात: जेथे पक्षी घिरट्या घालतात तेथे मासळी असते, तेथे पक्षी घिरट्या घालीत आहेत, म्हणून तेथे मासळी आहे. नैयायिक पाच वाक्ये सांगेल. तेथे मासळी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथे पक्षी घिरट्या घालीत आहेत, हा हेतू. जेथे जेथे असे पक्षी तेथे तेथे मासळी, जशी परवा खाडीच्या तोंडाशी होती, हे उदाहरण. येथेही तसेच पक्षी आहेत, हा उपनय. म्हणून मासळी आहे, हे निगमन.

दोन वाक्ये जास्त खर्ची घातली एवढाच हा फरक नाही. अरिस्टॉटलला वाक्यांची रचना निर्दोष आहे की नाही एवढे पाहावयाचे आहे. पहिले वाक्य खरे की खोटे हा त्याच्या मते वेगळा प्रश्न. नैयायिक 'परवा खाडीच्या तोंडाशी' हे उदाहरण मागतो, कारण त्याला सांगाड्याबरोबर त्यातील जीवही हवा आहे. हेतू आणि साध्य यांचा अव्यभिचारी संबंध, ज्याला तो 'व्याप्ती' म्हणतो, तो अनुभवात दाखवा, असा त्याचा आग्रह. एखादा मनुष्य उठून म्हणाला की, मासळीची घाण टाकणाऱ्या होडीभोवतीही पक्षी असेच घिरट्या घालतात, तर अनुमान तेथेच कोसळले. हेतू 'सव्यभिचार' ठरला. उलटपक्षी हेही कबूल केले पाहिजे की, रचना आणि सत्यता ही वेगळी काढण्याच्या अरिस्टॉटलच्या युक्तीनेच पुढे युरोपात गणितासारखे तर्कशास्त्र वाढू शकले. दोघांचे एकमेकांना सांगण्यासारखे पुष्कळ होते. ते सांगण्याची वेळ मात्र फार उशिरा आली.

येथे एका रूढ समजुतीचा समाचार घेणे अवश्य आहे. पूर्व अध्यात्मवादी आणि पश्चिम जडवादी, असे वाक्य शाळेच्या निबंधापासून सभेच्या अध्यक्षीय भाषणापर्यंत सर्वत्र आढळते. देह हाच आत्मा म्हणणारा चार्वाक पूर्वेचा, आणि दृश्य जग ही केवळ सावली असून खरे अस्तित्व कल्पनारूप आकृतींना आहे असे म्हणणारा प्लेटो पश्चिमेचा. वैशेषिक परमाणू मानतात. बर्क्ले जड द्रव्यच नाकारतो. असे असता ही समजूत इतकी लोकप्रिय का झाली? कारण ती दोन्ही पक्षांना सोयीची होती. राज्य करणाऱ्याला ती सांगत होती की, व्यवहार तुमचा; आणि ज्यांचे राज्य गेले त्यांना सांगत होती की, आत्मा तुमचा. एवढी स्वस्त वाटणी सहसा कोणी नाकारीत नाही.

इंग्रजी अमदानीच्या आरंभी या दोन विद्यांची घरे निराळी होती. पुण्यास विश्रामबाग वाड्यात 1821 मध्ये सरकारने संस्कृत पाठशाळा काढली. तेथे न्याय, वेदान्त, व्याकरण ही जुन्या पद्धतीने चालत. 1851 मध्ये ती इंग्रजी शाळेत मिळवून टाकण्यात आली आणि तीच संस्था पुढे डेक्कन कॉलेज झाली. छप्पर एक झाले. परंतु विद्या एक झाल्या नाहीत. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात भीमाचार्य झळकीकरांसारखे मोठे नैयायिक होते. न्यायशास्त्रातील पारिभाषिक शब्दांचा जो 'न्यायकोश' त्यांनी रचला त्याच्यावाचून आजही अभ्यासकाचे पाऊल पुढे पडत नाही. त्याच काळातला पदवीधर जे तर्कशास्त्र शिके ते इंग्रजी पुस्तकातले. एकाच शास्त्राचे दोन विद्वान, आणि एकमेकांस विचारावे असे कोणासच वाटू नये, हे या इतिहासातील मोठे नुकसान होय.

याहीपूर्वी एक झटापट मात्र उघड्यावर झाली होती. 1857 मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचे वाद मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर लोकांच्या गर्दीसमोर चालत. विष्णुबुवा कोकणातले, इंग्रजी शिकलेले नव्हते. वादाचा सूर बहुतांशी धर्माचा होता; तरी ईश्वर जगाचे कारण कसा, पापाचे फळ कोणास, असे अस्सल तात्त्विक प्रश्न तेथे मराठीत, वाळूत उभ्या असलेल्या सामान्य माणसांसमोर लढविले गेले. पुढे हे प्रश्न विद्यापीठात गेले आणि त्यांची भाषा इंग्रजी झाली. त्यांची पत वाढली, श्रोते मात्र गेले.

मालवणचे भांडारकर हे त्या नव्या विद्यापीठाच्या पहिल्या पिढीतले. 1867 मध्ये मुंबईत प्रार्थनासमाज निघाला, त्याचे ते एक आधारस्तंभ. त्यांची ख्याती संस्कृत पंडित व इतिहाससंशोधक म्हणून. तत्त्वज्ञ म्हणून त्यांचे नाव कोणी घेत नाही. तथापि तत्त्वज्ञानाच्या इतिहासाला त्यांनी जे दिले ते मूलभूत आहे. जुन्या पंडिताच्या दृष्टीने सारी दर्शने एकाच काळात, जणू एका सभेत बसून वाद करीत असत. भांडारकरांनी हस्तलिखिते हुडकली, तारखा लावल्या, कोणते मत कोणत्या मतानंतर आले हे पाहिले. त्यांचा वैष्णव, शैव आदी पंथांवरील इंग्रजी ग्रंथ 1913 मध्ये निघाला; त्यात भक्तीची कल्पना कालक्रमाने वाढताना दिसते. विचाराला इतिहास असतो, ही दृष्टी त्यांनी पश्चिमेकडून घेतली आणि तिचा उपयोग पूर्वेची बाजू नीट समजण्याकरिता केला. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनीही हेच केले. भगवद्गीतेवर 'नव्या करारा'ची छाप आहे असे लोरिन्सर नावाच्या जर्मन पंडिताने प्रतिपादिले होते. त्याला तेलंगांनी आपल्या 1875 च्या इंग्रजी भाषांतरात पुराव्यानिशी उत्तर दिले. 1882 मध्ये मॅक्स मुल्लरच्या ग्रंथमालेत गीता आली तीही तेलंगांच्याच लेखणीतून. प्रतिपक्षाचीच शस्त्रे घेऊन त्याच्याशी लढावे, असा हा प्रकार होता.

दरम्यान कॉलेजातील तरुणांवर मिल आणि स्पेन्सर यांचे राज्य सुरू झाले होते. गोपाळ गणेश आगरकर (1856–1895) हे त्यांतील सर्वांत प्रामाणिक प्रजाजन. ईश्वर आहे की नाही हे मानवी बुद्धीला कळण्यासारखे नाही, आणि नीतीला त्याची गरजही नाही, ही भूमिका त्यांनी घेतली व तिची किंमत दिली. 1888 पासून 'सुधारका'त त्यांनी जे लिहिले त्यात मिलचे तत्त्वज्ञान विधवेच्या केशवपनापर्यंत आणि बालविवाहापर्यंत येऊन पोहोचते. पाश्चात्य नीतिशास्त्र मराठीत इतक्या धारेने पूर्वी कोणी वापरले नव्हते. मात्र आगरकरांनी स्पेन्सर जसा घेतला तसा चार्वाक किंवा मीमांसक घेतला नाही. घरच्या परंपरेत बुद्धिवादाला किती आधार आहे, हे पाहण्यास त्यांना आयुष्य पुरले नाही.

त्यांचे एकेकाळचे सहकारी बाळ गंगाधर टिळक हे काम दुसऱ्या टोकाकडून करणार होते. 1908 ते 1914 ही सहा वर्षे ते मंडालेच्या तुरुंगात होते. मूळ ग्रंथ वाचता यावेत म्हणून तेथे त्यांनी जर्मन आणि फ्रेंच या भाषांचा अभ्यास केला. 1910–11 च्या हिवाळ्यात काही महिन्यांच्या अवधीत 'गीतारहस्य' शिसपेन्सिलीने लिहून झाले आणि 1915 मध्ये ते छापून निघाले. या ग्रंथाकडे पुष्कळ वाचक गीतेची टीका म्हणून पाहतात. पण त्याचे दुसरे नाव 'कर्मयोगशास्त्र' आहे, आणि मराठीत पाश्चात्य नीतिशास्त्राशी समोरासमोर बसून केलेला पहिला मोठा वाद म्हणूनच त्याचे महत्त्व आहे.

टिळकांची मांडणी अशी. नीतीचा विचार तीन वाटांनी होतो: आधिभौतिक, आधिदैविक आणि आध्यात्मिक. ही विभागणी करताना फ्रेंच पंडित कोंत याच्या तीन अवस्था त्यांच्यासमोर आहेत. मात्र कोंतने आधिभौतिक अवस्था शेवटची व श्रेष्ठ मानली, तर टिळकांनी तो क्रम फिरविला. मग ते सुखवाद्यांना एकेक करून बोलावतात. केवळ स्वार्थ सांगणारा हॉब्ज. दूरदर्शी स्वार्थ सांगणारे. आणि अखेर पुष्कळांचे पुष्कळ सुख हीच नीतीची कसोटी म्हणणारा मिल. मिलला ते हसण्यावारी नेत नाहीत. परोपकारी मनुष्य बहुधा याच कसोटीने चालतो, हे ते मान्य करतात. पण मग विचारतात: कौरवांचे सैन्य अकरा अक्षौहिणी, पांडवांचे सात, डोकीच मोजावयाची तर पांडवांचा पराभव हाच न्याय ठरणार काय? दुसरे उदाहरण ते अमेरिकेतील एका शहराचे देतात. ट्रामची परवानगी लवकर मिळावी म्हणून चालकांनी लाच दिली. ट्राम झाली आणि हजारो लोकांची सोय झाली. परिणामाच्या दृष्टीने हे कृत्य उत्तम ठरावे. तरी लाच ती लाच. तेव्हा कर्माची किंमत त्याच्या बाह्य परिणामावर ठरत नसून कर्त्याच्या बुद्धीवर ठरते, असा निष्कर्ष काढून टिळक कांट आणि ग्रीन यांच्याजवळ येतात; आणि तेथून एक पाऊल पुढे टाकून, ती बुद्धी सम कशी होते याचे उत्तर कांटजवळ नाही, ते गीतेत आहे, असे सांगतात.

या युक्तिवादाला आक्षेप घेता येतात. मिलच्या पक्षाचा मनुष्य म्हणेल की, लाच देण्याची चाल पडल्याने होणारे नुकसान हिशेबात धरले तर माझीच कसोटी तिला वाईट ठरविते. शिवाय स्थितप्रज्ञाची बुद्धी सम आहे हे बाहेरून ओळखावयाचे कसे, हा प्रश्न टिळकांनी पुरेसा सोडविला असे म्हणता येत नाही. आणि राजकारणात ज्याला त्याला आपलीच बुद्धी सम वाटत असते. परंतु आक्षेप घेता येतात हीच या ग्रंथाची थोरवी. तोपर्यंत आपल्याकडे पश्चिमेची एकतर आरती होत असे किंवा निंदा. टिळकांनी पक्ष मांडला, पूर्वपक्ष मांडला, उत्तर दिले, आणि हे सारे मराठीत, जो वाचक वर्तमानपत्र वाचू शकतो त्याला समजेल अशा भाषेत. इंग्रजीतून लिहिले असते तर युरोपात त्यांची वाहवा लवकर झाली असती.

परंतु या सर्व हकीकतीला एक दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्याखेरीज ही कथा खोटी ठरेल. ज्यांना पाठशाळेच्या दारातच उभे केले जात नव्हते, त्यांच्या दृष्टीने 'आपले दर्शन' आणि 'परके तत्त्वज्ञान' हा भेद वेगळाच दिसत होता. जोतीराव फुले यांनी तरुणपणी टॉमस पेनचा मानवी हक्कांवरील ग्रंथ वाचला. पेनचा तो ग्रंथ 1791 च्या सुमाराचा, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीतला. पुण्यात तो पोहोचला तेव्हा पन्नासांवर वर्षे उलटली होती. जोतीरावांनी त्यातून घेतले ते एवढेच की, निर्मिकाने सर्व माणसे सारखी निर्माण केली आहेत. 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1891 मध्ये 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' प्रसिद्ध झाले. त्यातील प्रश्नोत्तरे नैयायिकाच्या थाटाची नाहीत, तरी प्रामाण्याचा प्रश्न त्यांत नैयायिकाइतकाच रोखठोक आहे: अमुक ग्रंथात आहे म्हणून ते खरे का मानावे?

हाच प्रश्न भीमराव रामजी आंबेडकर यांनी अधिक साधनांनिशी विचारला. त्यांचे मूळ घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडव्याचे. 1913 ते 1916 या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई हे त्यांचे एक गुरू होते. समाजाने आपल्या वारशातील सारेच सांभाळावयाचे नसते, पुढच्या पिढीच्या हिताचे तेवढे निवडून पुढे द्यावयाचे असते, हा ड्यूईचा विचार आंबेडकरांनी 1936 च्या जातिनिर्मूलनावरील प्रसिद्ध भाषणात नाव घेऊन वापरला. आणि मग त्यांनी केले काय? ते ड्यूईपाशी थांबले नाहीत. अमेरिकेत घासून घेतलेली कसोटी घेऊन ते बुद्धाकडे परतले. 1957 मध्ये, त्यांच्या पश्चात, 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. टिळक कांटकडून गीतेकडे आले, आंबेडकर ड्यूईकडून बुद्धाकडे. निष्कर्ष एकमेकांपासून दूर. पण पश्चिमेचा दिवा हाती घेऊन घरातील कोणती खोली उजळावयाची हे स्वतः ठरविण्याची हिंमत दोघांतही सारखी होती.

या दोन विद्यांचा नित्य सहवास व्हावा म्हणून एक खास घर बांधले गेले ते खानदेशात, अमळनेर येथे. गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी 1916 मध्ये तेथे तत्त्वज्ञानमंदिर स्थापन केले. कापसाच्या पैशातून अद्वैत वेदान्ताच्या अभ्यासाची सोय व्हावी, ही गोष्ट विलक्षण खरी; पण शेठजींची निष्ठा अस्सल होती. परप्रांतांतून विद्वान येथे येऊन राहात, शांकर वेदान्त आणि पाश्चात्य तत्त्वज्ञान यांचा एकत्र अभ्यास करीत. 1925 मध्ये येथून 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. घ. र. मलकानी हे संस्थेचे दीर्घकाळ चालक. पालगडचे पांडुरंग सदाशिव साने हेही काही काळ येथे अभ्यासास होते. 1924 मध्ये ते त्याच गावच्या शाळेत शिक्षक झाले आणि पुढे 'साने गुरुजी' या नावाने महाराष्ट्रास ठाऊक झाले. तत्त्वज्ञानाच्या मंदिरातून मुलांच्या वर्गात जाण्यात त्यांचे काही उणे झाले नाही.

अमळनेरचे काम कसे होते याचा नमुना पाहावयाचा तर 1933 चे 'अज्ञान' हे पुस्तक घ्यावे. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी अविद्या या एकाच कल्पनेचा विचार त्यात केला आहे. दोरीवर साप दिसला. तो साप आहे म्हणावे तर नाही, नाही म्हणावे तर दिसला, भीतीही वाटली. मग हे अज्ञान म्हणजे केवळ ज्ञानाचा अभाव, की वस्तूला झाकणारे असे काही भावरूप? शंकराचार्यांच्या अनुयायांनी शतकानुशतके घोळलेला हा प्रश्न येथे कांट आणि हेगेल वाचलेली माणसे आपला म्हणून हाताळतात. कृष्णचंद्र भट्टाचार्य हे बंगाली तत्त्वज्ञही या संस्थेशी जोडलेले होते. त्यांचा ज्ञाता आणि स्वातंत्र्य यांवरील अतिशय कठीण ग्रंथ 1930 मध्ये अमळनेरहूनच प्रसिद्ध झाला. विचारांतील स्वराज्यावर त्यांचे एक इंग्रजी व्याख्यान आहे. ते त्यांच्या निधनानंतर 1954 मध्ये छापले गेले. आपला जुना विचार नव्या विचाराशी तोलून न पाहताच मागे पडतो आणि परका विचार आपल्यावर भुतासारखा बसतो, ही खरी पारतंत्र्याची खूण, असे त्यांचे म्हणणे होते.

अमळनेरला हे रोग्याचे निदान बरोबर झाले होते, औषधही योग्य होते. पण ते फार थोड्यांच्या पोटात गेले. त्रैमासिक इंग्रजी, ग्रंथ इंग्रजी, विद्वान बाहेरून आलेले. खानदेशातील सुशिक्षित गृहस्थास आपल्या गावात काय चालले आहे याचा पत्ता त्या त्रैमासिकातून लागण्यासारखा नव्हता. पुढे ते बंद पडले. 1973 मध्ये पुणे विद्यापीठाने त्याच वारशाने नवे इंग्रजी त्रैमासिक काढले. मराठीची बाजू इतर हातांनी सावरली. दे. द. वाडेकर यांच्या संपादनाखाली 1974 मध्ये 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' तीन खंडांत निघाला. त्याच वेळी मे. पुं. रेगे यांचा 'पाश्चात्य नीतिशास्त्राचा इतिहास' आला. आणि 1979 मध्ये पुण्याहून 'परामर्श' हे तत्त्वज्ञानाला वाहिलेले मराठी नियतकालिक सुरू झाले. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे 'नवभारत' 1947 पासून होतेच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे तेथलेच. जुनी न्यायपरीक्षा उत्तीर्ण झालेला हा पंडित मार्क्स आणि मानवेंद्रनाथ रॉय यांच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलू शकत असे.

भीमाचार्यांच्या काळी जे घडावयास हवे होते ते अखेर 1983 मध्ये पुण्यात घडले. रेगे, दया कृष्ण आणि त्यांचे सहकारी यांनी न्याय व मीमांसा यांचे परंपरागत पंडित आणि पाश्चात्य पद्धतीने शिकलेले प्राध्यापक यांना काही दिवस एकत्र बसविले. इंग्रजी येणाऱ्यांनी संस्कृत शिकून पंडितांकडे जावे, ही नेहमीची रीत. येथे रेग्यांनी उलट केले. बर्ट्रांड रसेल याचे विधानाविषयीचे मत त्यांनी संस्कृतात लिहून पंडितांपुढे ठेवले, आणि यावर आपले म्हणणे काय, असे विचारले.

रसेलच्या मताचा मथितार्थ थोडक्यात असा. 'पाऊस पडत आहे' हे वाक्य मराठीत म्हटले काय, इंग्रजीत म्हटले काय, जे सांगितले ते एकच. ते एकच जे आहे ते वाक्य नव्हे, कारण वाक्ये दोन आहेत; बोलणाऱ्याच्या मनातील ज्ञान नव्हे, कारण मनेही दोन आहेत; प्रत्यक्ष पाऊसही नव्हे, कारण पाऊस नसला तरी वाक्याला अर्थ आहेच. या तिसऱ्याच वस्तूला सत्य किंवा असत्य म्हणावयाचे. नैयायिकाला ही तिसरी वस्तू पटण्यासारखी नाही. त्याच्या मते वाक्य ऐकून ऐकणाऱ्याला शाब्दबोध होतो, तो बोध म्हणजे एक ज्ञान. आणि खरे-खोटेपणा, प्रमात्व-अप्रमात्व, हा ज्ञानाचाच धर्म. ज्याला कोणीच जाणत नाही, जे कोणाच्याच आत्म्यात उत्पन्न झालेले नाही, असे सत्य हवेत लोंबकळत कोठे ठेवणार? त्यावर प्रतिप्रश्न उभा राहतो की, मग दोघांना एकच गोष्ट कळली असे म्हणावयाचे कशाच्या आधारावर? पंडित म्हणतो, विषय एक आहे म्हणून. पण वाक्य खोटे असेल तेव्हा तो एक विषय कोणता? नैयायिकाजवळ याचेही उत्तर आहे: खोट्या ज्ञानातील प्रत्येक घटक जगात कोठे ना कोठे खराच असतो, साप रानात असतो आणि दोरी अंगणात, फक्त त्यांचा जोड चुकीचा पडतो. रसेलनेही पुढे आपले पहिले मत टाकून खोट्या विश्वासाचा उलगडा घटकांच्या जोडणीवरूनच करण्याचा प्रयत्न केला होता. या भेटीतील चर्चा 'संवाद' या नावाने 1991 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.